स्त्री-उमेदवार : कुणाची कोण?

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत मिळून विधानसभेचे ९ मतदारसंघ आहेत. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत या नऊही ठिकाणी पुरुष उमेदवार निवडून आले. त्याच वर्षी जून महिन्यात चंद्रपूर लोकसभा मतदारसंघाचा जो निकाल लागला, त्यात प्रतिभा धानोरकर यांनी सुधीर मुनगंटीवार यांच्यासारख्या मुरलेल्या मंत्र्याचा २ लाख ६० हजारांहून अधिक मतांनी पराभव केला होता. पाच महिन्यांच्या अंतराने लागलेले हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहिले, तर मतदारच स्त्रीला मत देत नाहीत हे नेहमीचे स्पष्टीकरण टिकत नाही. मतदार देतात, आणि द्यावयाचे ठरवले तर भरभरून देतात.

मग विधानसभेच्या वाटेवर स्त्रिया कोठे गळतात? पक्षांची उमेदवारी देण्याची रीत, निवडणुकीचा वाढता खर्च, घरची जबाबदारी ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत व त्यांची चर्चाही वेळोवेळी होत असते. एका कारणाची चर्चा मात्र क्वचितच होते, कारण ती ज्यांनी घडवून आणावयाची तेच त्या कारणाच्या मुळाशी आहेत. हे कारण म्हणजे वृत्तपत्रे आणि वृत्तवाहिन्या स्त्री-उमेदवाराची मतदारांना करून देत असलेली ओळख. पुरुष उमेदवार काय करतो हे सांगितले जाते. स्त्री-उमेदवार कुणाची कोण लागते हे सांगितले जाते. हा फरक शिष्टाचाराचा नव्हे. त्याचे राजकीय परिणाम आहेत व ते मोजता येण्यासारखे आहेत.

सहानुभूतीचे अपुरे गणित

चंद्रपूरचेच उदाहरण प्रथम घेऊ. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातून काँग्रेसची एकच जागा आली, ती चंद्रपूरची. तेथे सुरेश ऊर्फ बाळू धानोरकर यांनी हंसराज अहीर यांचा सुमारे ४५ हजार मतांनी पराभव केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रतिभा धानोरकर वरोरा मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आल्या. मे २०२३ मध्ये बाळू धानोरकर यांचे निधन झाले, तेव्हा त्या साडेतीन वर्षे स्वतःच्या अधिकारात आमदार होत्या. असे असूनही २०२४ च्या प्रचारकाळात त्यांचा परिचय बहुतेक ठिकाणी 'दिवंगत खासदारांच्या पत्नी' असाच दिला गेला. वरोऱ्याच्या आमदार म्हणून त्यांनी विधानसभेत कोणते प्रश्न मांडले, मतदारसंघात कोणती कामे केली वा कोणती केली नाहीत, याचा लेखाजोखा त्या मानाने फारच थोडा झाला. विजयाची कारणमीमांसा करतानाही 'सहानुभूतीची लाट' हे दोन शब्द पुरेसे मानले गेले.

हे गणित तपासून पाहिले तर काय दिसते? चंद्रपूरला लागून असलेल्या गडचिरोली-चिमूर मतदारसंघात काँग्रेसचे नामदेव किरसान यांनी दोन वेळा निवडून आलेल्या अशोक नेते यांचा १ लाख ४० हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. भंडारा-गोंदियात, रामटेकमध्ये, वर्ध्यात, अमरावतीत, यवतमाळ-वाशीममध्येही महाविकास आघाडीच विजयी झाली. विदर्भातील १० पैकी ७ जागा तिला मिळाल्या. या इतर मतदारसंघांत उमेदवाराच्या घरी कोणते दुःख घडले होते? तेथील विजयाची चर्चा करताना कापूस-सोयाबीनचे पडलेले भाव, संविधानाविषयीची धास्ती, जातींची नवी मांडणी, मतविभागणी टळणे अशी कारणे दिली गेली. ती योग्यच होती. परंतु तीच कारणे सीमेपलीकडच्या चंद्रपूरला का लागू पडू नयेत? २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराने चंद्रपुरात १ लाखाहून अधिक मते घेतली होती. त्या मतांचे २०२४ मध्ये काय झाले, हा प्रश्न कोणत्याही विश्लेषकाने आधी विचारावयास हवा होता. सहानुभूतीचा वाटा शून्य होता असे कोणी म्हणणार नाही. पण पुरुष जिंकला की राजकारण जिंकते आणि स्त्री जिंकली की अश्रू जिंकतात, अशी दुहेरी मापे लावली, तर विश्लेषणही चुकते आणि मतदाराचाही अपमान होतो. मतदाराने विचारपूर्वक दिलेला कौल हळहळीच्या खात्यावर जमा होतो.

येथे एक जुनी नोंद आठवावी. मुख्यमंत्रिपदावर असताना मारोतराव कन्नमवार यांचे नोव्हेंबर १९६३ मध्ये निधन झाले आणि १९६४ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी ताई कन्नमवार याच चांदा मतदारसंघातून लोकसभेवर गेल्या. म्हणजे या मतदारसंघाने आजवर ज्या दोन स्त्रिया लोकसभेत पाठविल्या, त्यांच्यामध्ये साठ वर्षांचे अंतर आहे आणि दोघीही पतीच्या निधनानंतर गेल्या. पक्षांना स्त्रीची आठवण केव्हा होते, हे यावरून कळते. वृत्तपत्रांनी याच प्रवृत्तीवर बोट ठेवावयास हवे. पण 'पत्नी' या ओळखीपाशीच थांबून ती तिला बळ देतात.

शोभाताई फडणवीस यांचे उदाहरण याच्या उलट दिशेने जाणारे आहे. त्या १९९० साली सावली मतदारसंघातून विधानसभेत गेल्या आणि १९९५ नंतरच्या युती शासनात मंत्री झाल्या. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नागपूरचे नगरसेवक झाले व १९९९ मध्ये आमदार. काकू आमदार व मंत्री झाल्या तेव्हा पुतण्याची विधानसभेतील कारकीर्द सुरूही झालेली नव्हती. तरीही देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाल्यापासून शोभाताईंचा उल्लेख आला की 'मुख्यमंत्र्यांच्या काकू' ही ओळख पुढे येते आणि सावलीच्या आमदार, माजी मंत्री ही ओळख मागे पडते. नात्याचा काटा नेहमी एकाच दिशेने फिरतो. त्याला कालक्रमाचीही पर्वा नसते.

अहेरीतील लढत

विधानसभेच्या वेळी या सर्वांचा कळस अहेरीत झाला. तेथील लढत तिरंगी होती आणि तिन्ही प्रमुख उमेदवार आत्राम राजघराण्यातील होते : मंत्री धर्मरावबाबा आत्राम, त्यांचे पुतणे व माजी राज्यमंत्री अम्ब्रीशराव आत्राम आणि धर्मरावबाबांच्या कन्या भाग्यश्री आत्राम. भाग्यश्री या गडचिरोली जिल्हा परिषदेच्या माजी अध्यक्षा. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या शरद पवार यांच्या पक्षात जाणार हे स्पष्ट होऊ लागताच धर्मरावबाबांनी जाहीर सभेत, विश्वासघात करणाऱ्या लेक-जावयाला प्राणहितेत फेकून द्यावे, अशा अर्थाचे उद्गार काढले. त्याच सुमारास अजित पवार यांनीही घर फोडणे समाजाला रुचत नाही, असा सल्ला कन्येला जाहीरपणे दिला.

एका मंत्र्याने निवडणुकीच्या तोंडावर एका प्रतिस्पर्धी उमेदवाराबद्दल असे बोलावे, ही गंभीर राजकीय घटना होती. उमेदवार परका पुरुष असता, तर धमकी म्हणूनच ती छापली गेली असती. येथे मात्र ती 'बाप-लेकीचा वाद' म्हणून वाचकांपुढे आली. संतापलेल्या पित्याचे बोलणे म्हणून तिची धार बोथट झाली. 'बाप विरुद्ध लेक' हा मथळा दिल्लीपर्यंत पोचला.

यावर असे म्हटले जाईल की, अहेरीत काका-पुतण्याची लढतही अशीच रंगवली गेली होती; २०१४ मध्ये अम्ब्रीशरावांनी आणि २०१९ मध्ये धर्मरावबाबांनी बाजी मारली, तेव्हाही नातेच मथळ्यात होते. हे खरे आहे. पण दोन्ही मथळ्यांतील अर्थ वेगळा आहे. 'काका-पुतण्या' म्हटले की वाचक विचारतो, गादी कुणाकडे जाणार? 'बाप-लेक' म्हटले की वाचक विचारतो, हिने असे करावे का? पुरुषाच्या बाबतीत नाते हा वारसाहक्काचा पुरावा ठरते, स्त्रीच्या बाबतीत ते आज्ञाधारकपणाची कसोटी होते. एकाच शब्दाचे हे दोन भाव आहेत आणि स्त्रीला दरवेळी महाग भावाने खरेदी करावी लागते.

या नाट्यात जे बाजूला पडले ते अहेरीचे प्रश्न. सुरजागडच्या लोहखनिजाने भरलेल्या ट्रकांखाली दबलेले रस्ते आणि खाणीतील रोजगार कुणाला, गोदावरीवरील मेडीगड्डा बंधाऱ्यामुळे सिरोंचा तालुक्यातील शेतजमिनीचे झालेले नुकसान व त्याची भरपाई, वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांचा बांबू आणि तेंदूपत्त्याचा व्यवहार, यांवर तिन्ही उमेदवारांची भूमिका काय, हे समोरासमोर मांडून दाखविणे वृत्तपत्राला अशक्य नव्हते. भाग्यश्री आत्राम यांच्या बाबतीत तर जिल्हा परिषदेतील कारकीर्द हे तयार साधन होते. त्या काळात शाळा, आरोग्य केंद्रे, पाणीपुरवठा यांवर काय झाले? ते वाईट असेल तर वाईट म्हणावे. कठोर टीका हाही एक सन्मान असतो, कारण ती व्यक्तीच्या कामावर होते. या सन्मानालाच स्त्री-उमेदवार पारखी होते.

आंदोलनात रणरागिणी, मतपत्रिकेवर अदृश्य

या भागातील स्त्रियांनी सार्वजनिक जीवनात काही केले नाही असेही नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती लोकचळवळीतून आली व तीत स्त्रियांचा वाटा मोठा होता. चंद्रपूर जिल्ह्यातील स्त्रिया डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. २०१५ मध्ये चंद्रपुरात दारूबंदी झाली व २०२१ मध्ये ती उठविण्यात आली. बंदी असावी की नसावी यावर मतभेद आहेत व अर्थशास्त्राचा विद्यार्थी त्यांत दोन्ही बाजूंनी बोलू शकेल. तो येथील विषय नव्हे. विषय हा की, मोर्चातील बाई वृत्तपत्रांना 'रणरागिणी' म्हणून हवी असते. तिचे छायाचित्र पहिल्या पानावर येते. तीच बाई किंवा तिची नेता निवडणुकीला उभी राहिली की, तिला 'इतर उमेदवारां'च्या रकान्यात ढकलले जाते. या आंदोलनाच्या अग्रभागी असलेल्या पारोमिता गोस्वामी यांनी २०१९ मध्ये ब्रह्मपुरीतून निवडणूक लढविली. त्यांना मते कमी पडली, ही राजकारणातील नित्याची गोष्ट. पण देवीची उपमा ही प्रशंसा दिसली तरी ती स्त्रीला राजकारणाबाहेर ठेवते. देवीला हार घालतात. तिला अर्थसंकल्पावर प्रश्न विचारीत नाहीत.

राज्यात इतरत्र पाहिले तरी चित्र निराळे नाही. बारामतीची २०२४ ची लढत दोन पक्षांतील होती, पण ती 'नणंद विरुद्ध भावजय' म्हणूनच गाजली. मे २०२२ मध्ये चंद्रकांत पाटील यांनी सुप्रिया सुळे यांना घरी जाऊन स्वयंपाक करण्याचा सल्ला दिला व नंतर दिलगिरी व्यक्त केली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या काळात अरविंद सावंत यांनी शायना एन. सी. यांच्या संदर्भात 'माल' हा शब्द वापरला. त्यांनाही दिलगिरी व्यक्त करावी लागली. या दोन घटना दोन परस्परविरोधी पक्षांच्या नेत्यांच्या आहेत, म्हणजे दोष एका पक्षाचा नाही. प्रत्येक वेळी क्रम ठरलेला असतो : उद्गार, निषेध, जोडे मारणे, दिलगिरी, पुढचा उद्गार. या काळात त्या स्त्री-उमेदवाराचे नाव शेकडो वेळा छापून येते, पण त्यांतील एकही ओळ तिच्या भूमिकेविषयी नसते. तिच्यावर झालेला अन्यायही तिची जागा खाऊन टाकतो.

संपादकांचे युक्तिवाद

वृत्तपत्रांच्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, नाते ही वस्तुस्थिती आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेल्या ७ स्त्रियांपैकी बहुतेक राजकीय घराण्यांतील आहेत हे नाकारता येत नाही. परंतु घराणेशाही ही पुरुषांचीही वस्तुस्थिती आहे. वरोऱ्यातून २०२४ मध्ये निवडून आलेले करण देवतळे हे दिवंगत माजी मंत्री संजय देवतळे यांचे पुत्र. घराणेशाहीवर टीका अवश्य व्हावी, पण तिची मोजपट्टी मुलाला व मुलीला एकच असावी. दुसरी गोष्ट, स्त्री-उमेदवार स्वतःच पती वा पित्याच्या नावाने मते मागतात. मागतातच, आणि पुरुष उमेदवार आजोबांच्या नावाने मागतात. उमेदवाराने आपली जाहिरात कशी करावी हा त्याचा प्रश्न आहे, पण जाहिरातीचा मजकूर बातमी म्हणून जसाच्या तसा उचलणे हा वृत्तपत्राचा धर्म नव्हे. तिसरी गोष्ट, वाचकांना हेच हवे असते. हा युक्तिवाद बाजाराचा आहे, म्हणून त्याचे उत्तर अर्थशास्त्राच्याच भाषेत देता येईल. ज्या बाजारात एकच माल ठेवलेला असतो, तेथे गिऱ्हाइकाची आवड कळत नाही. फक्त पुरवठा कळतो.

यामागे वृत्तव्यवसायाची एक रचनाही आहे. तालुक्याच्या वार्ताहराचे मानधन तुटपुंजे असते आणि अनेक ठिकाणी त्याचे पोट जाहिरातीच्या कमिशनवर चालते. निवडणूक हा जाहिरातीचा हंगाम. जाहिरात देणारा, बातमी पुरविणारा आणि पक्षाचे कार्यालय चालविणारा गावोगावी बहुतेक पुरुषच असतो. २००९ च्या निवडणुकांनंतर 'पेड न्यूज'ची जी चर्चा झाली, तीत पैसे देऊन छापलेल्या मजकुराकडे लक्ष गेले. पण पैसे न देताही कुणाची बातमी आपोआप होते आणि कुणाची होत नाही, याकडे गेले नाही. जगभरच्या बातम्यांचे एक दिवसाचे मोजमाप करणारा एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९५ पासून चालू आहे. बातमीचा विषय असलेल्या व्यक्तींमध्ये स्त्रियांचे प्रमाण १९९५ मध्ये १७ टक्के होते, २०२० मध्ये ते २५ टक्क्यांवर आले. पंचवीस वर्षांत आठ टक्के ही गती पाहता वाट बघत बसणे हा उपाय ठरत नाही.

ओळख बदलते का?

बदलते, असे पुरावे सांगतात. पश्चिम बंगालमध्ये १९९३ च्या घटनादुरुस्तीनंतर कोणत्या ग्रामपंचायतीचे प्रधानपद स्त्रीसाठी राखीव ठेवावयाचे, हे आळीपाळीने व नियमाने ठरत गेले. त्याचा फायदा घेऊन एस्थर डफ्लो, लोरी बीमन, रोहिणी पांडे आदी अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. गावकऱ्यांना नेत्याचे एकच भाषण ध्वनिमुद्रित करून ऐकविले. काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना स्त्रीच्या. जेथे कधीच स्त्री-प्रधान झालेली नव्हती, तेथील पुरुषांनी तेच भाषण स्त्रीच्या आवाजात ऐकून त्याला कमी गुण दिले. जेथे स्त्री-प्रधानाचा कारभार त्यांनी अनुभवला होता, तेथे हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. लागोपाठ दोन वेळा राखीव राहिलेल्या ठिकाणी पुढे खुल्या जागांवरही अधिक स्त्रिया उभ्या राहिल्या व निवडून आल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे तात्पर्य असे की, पूर्वग्रह बऱ्याच अंशी माहितीच्या अभावातून येतो व कारभार पाहिला की तो ओसरतो.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत ५० टक्के जागा स्त्रियांसाठी आहेत. म्हणजे या दोन जिल्ह्यांत स्त्रियांचा कारभार पाहण्याची संधी गावोगावी आहे. परंतु विधानसभेच्या मतदाराला शेजारच्या तालुक्यातील सरपंच बाईचा कारभार दिसतो तो वृत्तपत्रातूनच. तेथे तो 'सरपंच-पती'च्या छायाचित्राआड झाकला गेला, तर आरक्षणाने जे कमावले ते रकान्यात हरवते. पुढे पक्षाची उमेदवारी ठरविणारी मंडळी म्हणतात, बाईंचे स्वतःचे नाव नाही. नाव नाही, कारण छापले नाही. आणि छापले नाही, कारण उमेदवारी नाही. लोकसभा व विधानसभांत एक-तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये संमत झाली व तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेशी बांधण्यात आली. जागा राखीव झाल्या तरी, राखीव जागेवरची बाई 'कुणाची कोण' याच चौकटीत छापली गेली, तर सरपंच-पतीच्या मागोमाग आमदार-पती येण्यास वेळ लागणार नाही.

करावयाचे ते फार अवघड नाही. स्त्री-उमेदवाराची बातमी लिहून झाली की, तिच्या जागी पुरुषाचे नाव घालून ती एकदा वाचावी. जे वाक्य हास्यास्पद वाटेल ते काढून टाकावे. नाते आवश्यक असेल तेथे एकदाच आणि कामानंतर सांगावे. घर कोण सांभाळते हा प्रश्न विचारावयाचा असेल तर सर्वच उमेदवारांना विचारावा. अपमानकारक उद्गारांची बातमी द्यावी, पण त्याच दिवशी त्या स्त्रीचे त्या दिवशीचे भाषणही छापावे. आणि प्रत्येक निवडणुकीत सर्व प्रमुख उमेदवारांच्या मागील कामाचा तक्ता एकाच नमुन्यात द्यावा. यासाठी कायदा लागत नाही, खर्चही लागत नाही.

मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. या जिल्ह्यांत तेंदू, मोहफुले, सरपण यांसाठी पहाटे जंगलात शिरणारी मोठी संख्या स्त्रियांची आहे. वनखात्याची भरपाई, कुंपण, पर्यायी इंधन, पानांचा दर हे त्यांच्या जीवनमरणाचे प्रश्न आहेत. पुरुष आमदार ते मांडू शकत नाहीत असे नव्हे. अनेकांनी मांडलेही आहेत. पण त्या पायवाटेवरून स्वतः गेलेली एखादी स्त्री या ९ जागांपैकी एकीवर बसावी, ही अपेक्षा अवास्तव नाही. ती उभी राहील तेव्हा तिचे पती कोण, हे मतदाराला कोणीही सांगेल. तिने ग्रामसभेत काय केले, हे सांगणे मात्र वृत्तपत्राचेच काम आहे.